बेअरिंग घरी ठोकून बसवण्याबद्दल
गाडीच्या चाकाचं बेअरिंग घरी हातोडीने ठोकून बसतं असं काही जण सांगतात, ते मला अजिबात पटत नाही, बसतं खरं पण आतल्या रेसवर (गोळ्या जिच्यावर फिरतात त्या कडीवर) घाव बसला की तिच्यावर गोळ्यांचे खड्डे पडतात आणि थोड्याच दिवसांत परत तोच घूंऽऽ आवाज, माझं स्वतःचं असंच वाया गेलं. दुसऱ्या वेळी नकल (बेअरिंग ज्यात बसतं तो चाकामागचा लोखंडी भाग) घरीच खोलला आणि सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीकडं एका लेथवाल्याकडं नेऊन बेअरिंग प्रेसवर (दाबून बसवायच्या मशीनवर) बसवून घेतलं, मजुरी गॅरेजपेक्षा खूपच कमी. आणि एबीएसची (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) गाडी असेल तर नव्या बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकाची रिंग असते, टाचणी लावून बघा, जिकडं चिकटते ती बाजू चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरकडंच आली पाहिजे, उलटं बसलं की डॅशबोर्डवर एबीएसचा लाईट लागतो आणि परत काढताना बेअरिंग खराब होतंच.