वडिलांच्या मागावरची धूळ फुप्फुसाच्या ऊतीवर टाकायची आहे, कशी टाकू?

मागवाली_सोलापूर
एमएस्सी बायोटेक, शेवटचं वर्ष. घर अक्कलकोट रोडला. खाली टॉवेलचे आठ माग, वर आम्ही.

वडील २६ वर्षं मागावर आहेत. सुट्टीनंतर कामावर उभे राहिले की पहिल्या दिवशी छाती आवळते. दोन दिवसांत उतार पडतो, परत सुट्टी आली की परत तेच. ॲलर्जी म्हणून गोळ्या चालू आहेत. पुस्तकात बिसिनोसिसचं, म्हणजे कापसाच्या धुळीनं होणाऱ्या छातीच्या आजाराचं वर्णन वाचलं तेव्हा वाटलं, आमच्याच पायरीवर बसून कुणीतरी लिहिलंय हे.

प्रोजेक्टला हाच विषय घेतला. मागाच्या सांगाड्यावरचा पांढरा भुरा ब्रशनं डबीत गोळा केलाय. गाइड म्हणतात, ए५४९ पेशी घे, मीडियात (पेशी वाढवायच्या पोषक पाण्यात) धूळ मिसळ, २४ तासांनी किती मेल्या ते मोज. पण वडील काही पाण्यात बुडून श्वास घेत नाहीत! पेशींवर हवा आणि खाली मीडिया अशी ऊती वाढवतात असं वाचलं. आपल्यासारख्या साध्या लॅबमध्ये जमेल का?

पेशीवाला_पुणे
पाण्याबद्दलची तुझी शंका बरोबर आहे. मीडियात कण भिजतात, त्यांच्यावर प्रथिनं चिकटतात, थोडा भाग विरघळतो. पेशीपर्यंत पोचतो तो वेगळाच माल. शिवाय ए५४९ हा १९७२ साली एका कर्करुग्णाच्या फुप्फुसातून काढलेला पेशीसंच. त्याला केसल (श्वासनलिकेतला स्राव पुढे ढकलणारे बारीक केस) नाहीत, पेशींची वीणही सैल, आणि तो वायुकोशांच्या बाजूचा. तुझ्या वडिलांचा त्रास आहे श्वासनलिकांचा.

खरी ऊती अशी वाढवतात: सच्छिद्र पडद्याच्या छोट्या कपात माणसाच्या श्वासनलिकेच्या पेशी पेरायच्या. थर भरला की वरचा मीडिया काढून टाकायचा, पोषण फक्त खालून. तीन-चार आठवड्यांत वर केसल हलायला लागतात, चिकट स्राव सुटतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो स्राव गोल गोल फिरताना पहिल्यांदा दिसला, त्या दिवशी मी जेवायला जायचं विसरलो होतो. पण हे जमवायलाच वेळ जातो, तुझ्या प्रोजेक्टच्या सहा महिन्यांत बसणार नाही. काल्यू-३ पेशी घे. त्याही कर्करोगाच्याच, पण हवेत वाढतात, घट्ट थर धरतात आणि स्रावही करतात. थर शाबूत आहे का ते विद्युतरोधावरून, म्हणजे थर विजेला किती अडवतो त्यावरून कळतं. धूळ टाकल्यावर रोध घटला, म्हणजे वीण उसवली. पेशी मरायच्या आधीच हे दिसतं, म्हणून नुसती मेलेली डोकी मोजू नकोस.

आता ती डबी. ती बाजूला ठेव. डोळ्यांना दिसणारा भुरा बहुतेक नाकातच अडकतो. आत उतरतात ते १० मायक्रॉनच्या खालचे कण, आणि अगदी वायुकोशांपर्यंत जातात ते साधारण २.५ च्या खालचे. तुझ्या डबीत मागाचं ऑइल, खळ आणि पालीची लेंडीसुद्धा असेल. त्यापेक्षा हवेतली धूळच पंपानं फिल्टरवर ओढून घे.

जुना_जॉबर
पोरी, मी गिरणीत होतो. सोलापुरात पहिली गिरणी १८७७ ची, तेव्हापासून हा खोकला गावात आहे. कार्डिंगवाले, म्हणजे कापूस पिंजणारे, सगळ्यात जास्त खोकायचे. आम्ही गूळ खायचो, धूळ खाली उतरते म्हणून. आता कळतं, गूळ पोटात जातो अन् धूळ छातीत. एवढ्या मशिनी कशाला, उंदरावर का करत नाहीत?

पेशीवाला_पुणे
काका, उंदीर फक्त नाकानं श्वास घेतो आणि त्याच्या श्वासनलिकांच्या फांद्या आपल्यासारख्या फुटत नाहीत. त्यामुळे कण बसतात तेही वेगळ्या जागी.

मागवाली, एक मोठी अडचण राहिली. कापसाच्या धुळीत बोंडावरच्या पाल्याचा चुरा आणि जिवाणूंच्या कवचातलं एंडोटॉक्सिन असतं. बिसिनोसिसमध्ये संशय मुख्यतः त्याच्यावर. श्वासनलिकेच्या पेशी एकट्या असल्या की एंडोटॉक्सिनला फारशी दाद देत नाहीत, आरडाओरडा करतात त्या भक्षक पेशी, म्हणजे जंतू गिळणाऱ्या संरक्षक पेशी. म्हणून खालच्या बाजूला टीएचपी-१ पासून (हाही लॅबमध्ये मिळणारा माणसाचा पेशीसंच) बनवलेल्या भक्षक पेशी ठेव आणि आयएल-८ मोज, म्हणजे दाह झाला की पेशी सोडतात ते प्रथिन. एका संचात पॉलिमिक्सिन बी घाल, ते एंडोटॉक्सिनला बांधून टाकतं. आयएल-८ खाली आलं तर चोर सापडला. कोऱ्या फिल्टरचा अर्कही सोबत तपास, नाहीतर फिल्टरचाच दोष धुळीच्या माथी मारशील.

आणि २६ वर्षांचा त्रास ऊतीत दिसणार नाही. ऊती सांगेल ते काही दिवसांचं. वडिलांची स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून श्वासाची ताकद मोजायची तपासणी, मात्र या आठवड्यात कर. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, कामाच्या पाळीच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. फुंकर किती पडते ते कागदावर येईल, डॉक्टरांनाही दाखवता येईल.

मागवाली_सोलापूर
डबी टाकून दिली. छातीला लावायचा सॅम्पलिंग पंप एका सरांकडून आठवड्यासाठी मिळतोय. मिनिटाला २ लिटरच्या हिशोबानं आठ तासांत जेमतेम एक घनमीटर हवा होते, म्हणजे फिल्टरवर मिलिग्रॅमच्या आसपासच धूळ. पाच-सहा पाळ्या तरी लागतील.

वडिलांना विचारलं. मास्क कधी लावत नाहीत, एप्रिलात इथं ४२ डिग्री, त्यात तोंडावर फडकं कोण सहन करणार? पंप पट्ट्याला अडकवून पाहिला, नळी कॉलरला लावली. म्हणाले, "आवाज करतंय की हे." मग खाली गेले, माग चालू केला आणि वर बघून हातानंच खूण केली: नाही येत ऐकू.

स्पायरोमेट्री सोमवारी. आमची सुट्टी रविवारची.