मदत हवी आहे: वर्षअखेरीच्या आत्मपरीक्षणात घराला जागा कुठे द्यावी?

मेडिकलच्या विद्यार्थ्यांसाठी वर्षअखेरीच्या आत्मपरीक्षणाचा नमुना बनवतेय. पाया गिब्ज यांच्या १९८८ च्या चक्राचा, म्हणजे अनुभवाकडे टप्प्याटप्प्याने मागे वळून पाहण्याच्या पद्धतीचा: घटना, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, पुढची कृती. रुग्णाचं नाव, खाट क्रमांक लिहायचा नाही, हे पक्कं. पण शीर सापडली नाही हे पानभर लिहिलं जातं. टूर्निकेट (शीर फुगावी म्हणून दंडाला बांधायचा पट्टा) सैल होता की सुईचा कोन जास्त झाला, ते राहूनच जातं. ‘पुढची कृती’ म्हणजे नुसतं ‘सराव वाढवेन’!

खरं अडलंय घरापाशी. नाइट ड्युटीनंतर झोपेत आईचा फोन राहतो, मग आठवडा बोलणंच होत नाही. ही ओढ ‘भावना’च्या दोन ओळींत मावत नाही. तिला वेगळं पान द्यावं का? आणि ते शिक्षकांनी वाचावं की विद्यार्थ्याकडेच राहू द्यावं? कुणी करून पाहिलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.