अनुभव धागा: गॉथ, मेटलहेड, ओटाकू... तुम्हाला कुणी कोणतं लेबल चिकटवलं? (आणि 'पर्सेपोलिस' वाचाच)

मंडळी, विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय म्हणून शेवटी धागाच काढते. कपड्यांवरून, केसांवरून, गाण्यांवरून जी लेबलं चिकटतात (काळे कपडे, जाड काजळ म्हणजे गॉथ, हेवी मेटल ऐकणारे मेटलहेड, जपानी कॉमिक्स-कार्टूनचे वेडे ते ओटाकू) त्याचे तुमचे अनुभव हवेत. मला घरच्यांचा राग येत नाही. "सारखं काळं का गं घालतेस, संक्रांत आहे का" असं मावशी म्हणते, पण ती विचारते तरी, मी सांगते ते ऐकून घेते आणि मग चहा टाकते. राग येतो तो आपल्यातल्याच लोकांचा. कॉलेज रोडला बँडचा टीशर्ट घालून उभं राहिलं की कुणीतरी येऊन "पाच गाणी सांग बरं" म्हणून तोंडी परीक्षा घेणार, शेजारी तोच टीशर्ट घालून उभ्या असलेल्या मुलाला कुणी विचारत नाही. काजळ जरा जाड लावलं की "तू तर मेटलवाली ना, मग हे गॉथ कधीपासून?" अरे मला दोन्ही आवडतं, आणि रात्री झोपताना कुमार गंधर्व लावते, मग आता मला कुठल्या खणात ठेवणार?

ज्यांच्यावरून ही नावं पडली त्यांनाच ती नको होती हे कुणी लक्षात घेत नाही. इमो, म्हणजे भावना उघड्या मांडणारं रॉक, हे नाव १९८५ च्या आसपास वॉशिंग्टनच्या काही हार्डकोर (जास्त जोरकस पंक रॉक) बँड्सना चिकटलं आणि त्यांनी ते तेव्हाच झिडकारलं. द क्युअर या इंग्लिश बँडच्या रॉबर्ट स्मिथचे विस्कटलेले केस आणि लिपस्टिक बघून अख्ख्या जगाने त्याला गॉथ ठरवलं, तो वर्षानुवर्षं नाही म्हणतोय. आणि हे चिडवण्यावरच थांबतं असंही नाही. इंग्लंडात २००७ साली सोफी लँकेस्टर या २० वर्षांच्या मुलीला बागेत पोरांच्या टोळक्याने मारलं, ती आणि तिचा मित्र गॉथसारखे दिसत होते एवढंच कारण, काही दिवसांनी ती गेली. २०१३ पासून ग्रेटर मँचेस्टरचे पोलीस अशा हल्ल्यांची नोंद द्वेषातून झालेला गुन्हा म्हणून करायला लागले. त्यामुळे "काय एवढं मनाला लावून घ्यायचं" हे मला कुणी सांगू नका.

आता पुस्तक. मार्जान सत्रापीचं 'पर्सेपोलिस', तिच्या स्वतःच्याच आयुष्यावरचं ग्राफिक नॉव्हेल, म्हणजे चित्रांतून सांगितलेली गोष्ट, फ्रेंचमध्ये २००० पासून यायला लागलं, मी इंग्रजीतून वाचलं. काळी पांढरी चित्रं, रंग अजिबात नाही. इराणमध्ये क्रांती झालेली, इराकशी युद्ध चालू, आणि ही शाळकरी पोरगी डोक्यावर रुमाल, अंगात डेनिमचं जॅकेट, त्यावर मायकल जॅक्सनचा बिल्ला, पायात नवे बूट असं करून चोरून विकल्या जाणाऱ्या कॅसेट घ्यायला बाहेर पडते. रस्त्यात क्रांतीच्या पहारेकरी बायका अडवतात, हे बूट पंक आहेत म्हणतात, बिल्ला कुणाचा विचारतात तर ही सांगते माल्कम एक्सचा, अमेरिकेतल्या काळ्या मुस्लिमांच्या नेत्याचा! मग रडून भेकून, सावत्र आई मला मारेल असं खोटं सांगून सुटते. घरी येते आणि कॅसेट लावून नाचते. त्या बायकांना तिच्यात एक पंक दिसली, बाकी काही दिसलंच नाही. पुढे व्हिएन्नाला गेल्यावर पंक मंडळींतच बसते तर तिथे ती इराणहून आलेली, युद्ध बघितलेली म्हणून भारी! म्हणजे तिथेही लेबलच. तो भाग मी दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा गळा दाटून आला.

तुमचं लिहा. नाव नको, नाशकातला भाग लिहिला तरी पुरे.

*

अंबड, एमआयडीसी

मी प्रेस शॉपला आहे, पत्रा दाबायच्या मशीनवर. ब्लॅक सब्बाथ हा मेटल बँड ऐकतो म्हणून शिफ्टमधली पोरं सैतान म्हणतात, प्रेमानेच म्हणतात पण दरवर्षी गणपतीत मी ढोल बांधला की तीच पोरं विचारणार "भाऊ, सोडलं का मग ते इंग्रजी?" काय सोडायचंय राव, ढोल पण माझाच आणि ते पण माझंच. त्यांना मी त्याच बँडच्या गिटारवाल्या टोनी आयोमीची गोष्ट सांगितलीये. बर्मिंगहॅमचा पोरगा, वय १७, पत्र्याच्या कारखान्यात कामाचा शेवटचा दिवस, आणि मशीनमध्ये उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा तोच हात. गड्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वरून चामडं लावलं, पुढे दुखू नये म्हणून तारा ढिल्या लावल्या आणि त्यातून तो जड आवाज आला, पहिला अल्बम १९७० ला. हे सांगितल्यावर आमच्या लाइनवर सगळे गप्प झाले, कारण प्रेसवर बोट जाणं म्हणजे काय ते आमच्याकडे समजावून सांगावं लागत नाही. त्यानंतर एकाने स्वतःहून गाणं मागून घेतलं. सैतान म्हणायचं काही थांबलेलं नाही.

*

नाशिकरोड

मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, वाचते. "अजून कार्टून बघतेस?" हे घरून, आणि ऑनलाइन ओळखीच्यांकडून "तू खरी ओटाकू नाहीस, तू तर फक्त गाजलेलंच बघतेस." दोन्हीकडून मार. बास, एवढंच.

*

सिडको

मराठीत रॅप करतो. २०१९ ला 'गली बॉय' हा रॅपरवरचा सिनेमा आला तेव्हापासून माझं नाव कुणी घेतच नाही, सगळे त्या सिनेमाच्याच नावाने हाक मारतात, आणि कार्यक्रमाला बोलावलं तरी आधीच सांगणार जरा झोपडपट्टीवालं काहीतरी कर. माझे वडील एसटीत होते, आमचं दोन खोल्यांचं का होईना स्वतःचं घर आहे, मी लिहितो ते आजीच्या शेतावर आणि कांद्याच्या भावावर. ते चालत नाही त्यांना. हिपहॉप, ज्यातून हा रॅप आला, ते १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्कच्या बहिणीच्या पार्टीतून सुरू झालं, त्याने रेकॉर्ड लावल्या, तिला शाळेसाठी कपडे घ्यायला पैसे जमवायचे होते. किती साधी गोष्ट आहे बघा.

*

येवल्याचा, सध्या पंचवटीत रूमवर

ताई, मी पण काळा टीशर्टवालाच. पण इकडच्या ग्रुपमध्ये पहिल्यांदा गेलो तेव्हा आवडता बँड कुठला हे नंतर विचारलं, आधी आडनाव. मग कुठल्या गल्लीतला. मग सगळे जरा वेगळं बोलायला लागले, वाईट नाही, वेगळं. म्हणजे केस वाढवले, जगाच्या विरोधात आहोत म्हणून ओरडलं तरी ते लेबल सगळ्यात खाली असतंच आणि बाकीची त्यावर चिकटतात.

तुम्ही पर्सेपोलिस सांगितलं, मी 'भीमायन' सांगतो. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यावरचं चित्रांचं पुस्तक, २०११ चं, दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलाकारांची चित्रं. त्यात चौकटी नाहीतच, पानं मोकळी वाहतात. विषारी बोलणाऱ्याच्या तोंडचे फुगे विंचवाच्या नांगीचे, आणि साधं माणुसकीने बोलणाऱ्याचे फुगे पाखरासारखे. लहान भीमाला शाळेत पाणी मिळत नाही त्या पानावर नांगीवाला फुगा बघितला आणि मला तो ग्रुप आठवला. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, माझ्या रूमपासून ते देऊळ चालत पाच मिनिटांवर आहे, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ची धर्मांतराची घोषणा आमच्या येवल्याची. रोज देवळावरून जातो. आता ग्रुपला जातच नाही असं नाही, जातो, आडनाव विचारलं की मोठ्याने सांगतो आणि मग मीच विचारतो, पुढे?

*

गंगापूर रोड, एका मुलीची आई

मुलीने 'पर्सेपोलिस' टेबलावर ठेवलेलं म्हणून वाचलं. आमच्या बिल्डिंगमध्ये मला विचारतात, तुमची मुलगी कुठल्या नादाला लागली, काळे ओठ काय, नखं काय. मी सांगते, बारावीला आहे, आजीचे पाय रोज रात्री चेपते, आणि तिची नखं मीच रंगवून देते कारण उजव्या हाताला तिला नीट जमत नाही.

या पुस्तकात मला पोरीपेक्षा आईबाप जवळचे वाटले. ते तुर्कस्तानला जातात, लेकीला आयर्न मेडन या बँडचं आणि किम वाइल्ड या गायिकेचं पोस्टर हवं असतं, आणि तसलं काही देशात आणायला बंदी. तर आई बापाच्या कोटाचं अस्तर उसवते, आत पोस्टर घालते आणि परत शिवते. तो कोट घालून बाप ताठ खांद्यांनी विमानतळावरून बाहेर येतो. घरात पोस्टर लावायचं म्हणून केवढी जोखीम! त्यांना ती गाणी आवडत असतील असं मला अजिबात वाटत नाही. आजी पण तशीच, रोज सकाळी चोळीत मोगऱ्यासारखी पांढरी फुलं ठेवणारी, अंगाला वास यावा म्हणून, आणि नातीला निघायच्या आदल्या रात्री कुशीत घेऊन झोपणारी.

आयांनो, तुम्ही वाचा, पण दोन्ही भाग एकदम आणून ठेवा. पहिला भाग विमानतळावर संपतो, पोरगी काचेपलीकडून मागे वळून बघते तर आई चक्कर येऊन पडलेली आणि बापाने तिला उचलून घेतलेलं. तिथे पुस्तक मिटवून दुसऱ्या भागाची वाट बघत बसणं आपल्याच्याने होत नाही.