स्पेनच्या खालच्या श्रेणीतला स्ट्रायकर: इतके क्लब बदलणे म्हणजे अपयश का?

धरमपेठचा मामा (प्रश्न)

सप्रेम नमस्कार. माझा भाचा 17 वर्षांचा आहे आणि मोतीबागच्या रेल्वे मैदानावर पुढच्या फळीत खेळतो. 2020-21 च्या हंगामात इंडियन सुपर लीगचे सगळे सामने गोव्यात, रिकाम्या स्टेडियमांत झाले होते. आम्ही ते घरी बसून पाहिले आणि एफसी गोवाचा इगोर अंगुलो तेव्हापासून त्याचा लाडका झाला. बेंगळुरूविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्याने दोन गोल करून बरोबरी साधून दिली होती आणि पुढे 14 गोलांसह गोल्डन बूट, म्हणजे सर्वाधिक गोलांचा पुरस्कारही मिळवला. मात्र भाच्याने परवा त्याची कारकीर्द वहीत उतरवून काढली, तेव्हा तो हिरमुसला. बिल्बाओच्या ॲथलेटिक क्लबच्या तालमीत घडलेला हा मुलगा पहिल्या संघात स्थिरावला नाही, मग अनेक वर्षे एसिखा, इरूनचा रेआल उनियोन अशा छोट्या गावांच्या संघांत खेळला, नंतर सायप्रस आणि ग्रीसला गेला, आणि वयाच्या 32 व्या वर्षी पोलंडच्या दुसऱ्या श्रेणीतल्या गुर्निक झाब्झे या क्लबात पोहोचला. “मामा, इतक्या ठिकाणी भटकला म्हणजे तो कुणालाच नको होता ना?” असे त्याने विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. अशी कारकीर्द नेमकी वाचायची कशी, हे जाणकारांनी सांगावे.

कामठीकर

क्लब मोजण्याआधी असे छोटे संघ जिथे खेळतात ती स्पेनची तिसरी श्रेणी कशी चालते, हे भाच्याला सांगावे. 1977 पासून 2021 पर्यंत स्पेनच्या तिसऱ्या श्रेणीला ‘सेगुंदा बे’ म्हणत. तिच्यात बराच काळ 80 संघ होते, ते प्रदेशांनुसार चार गटांत विभागलेले असत आणि हंगामाअखेर दुसऱ्या श्रेणीत जात फक्त चार. उरलेल्यांपैकी ज्यांनी बढतीच्या आशेने पैसा ओतलेला असे, त्यांचा हिशेब जूनमध्ये कोलमडे आणि जुलैत नवा प्रशिक्षक व नवा स्ट्रायकर येई. गोल न करणाऱ्या स्ट्रायकरला कोणी सांभाळून घेत नाही आणि भरपूर गोल करणाऱ्याला मोठा क्लब उचलून नेतो, त्यामुळे बिऱ्हाड दोन्हीकडून हलतेच.

त्यात आणखी दोन अडचणी आहेत. मोठ्या क्लबांचे राखीव संघ याच श्रेणीत खेळतात आणि त्यांतला मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा झाला, की एकतर पहिल्या संघात जातो, नाहीतर बाहेर पडतो. बाहेर पडल्यावर तो पुन्हा अडतो, कारण 23 वर्षांवरचे किती खेळाडू नोंदवायचे, यावर तिथे मर्यादा आहे. म्हणजे ज्या वयात स्ट्रायकरला गोलसमोर थोडे शांत राहणे जमू लागते, नेमक्या त्याच वयात त्याच्यासाठीच्या जागा कमी होतात.

अंगुलोच्या आधी त्याच क्लबातून गेलेल्या आरित्स अदुरिसचे पाहा. तो बिल्बाओच्या राखीव संघातून बाहेर पडला आणि 2003-04 मध्ये तिसऱ्या श्रेणीत बुर्गोसकडून खेळला. नंतर वायादोलिद, मग पुन्हा बिल्बाओ, मायोर्का, वालेन्सिया, आणि 2012 मध्ये, वयाच्या 31 व्या वर्षी, परत बिल्बाओ. नोव्हेंबर 2016 मध्ये त्याने बेल्जियमच्या गेंक क्लबविरुद्ध संघाचे पाचही गोल एकट्याने केले (सामना 5-3 असा सुटला) आणि त्याच महिन्यात स्पेनसाठी गोल करणारा तो सर्वांत वयस्कर खेळाडू ठरला. तेविसाव्या वर्षीची त्याची वही वाचून आपणही हिरमुसलो असतो.

निवृत्त पंच, इतवारी

वहीत एक रकाना कमी असावा, असे मला वाटते. आपल्याकडे ‘सामने’ आणि ‘गोल’ एवढेच लिहितात. ‘मिनिटे’ कोणी लिहीत नाही. समजा, एक मुलगा 30 सामन्यांत 6 गोल करतो आणि दुसरा तेवढ्याच सामन्यांत 9. दुसरा सरस वाटेल. मात्र पहिला बहुतेक वेळा सत्तराव्या मिनिटाला आत येऊन एकूण 900 मिनिटेच खेळला असेल, तर त्याचा गोल दर 150 मिनिटांना येतो. पूर्ण वेळ खेळलेल्या दुसऱ्याची 2700 मिनिटे होतात आणि त्याला गोलसाठी 300 मिनिटे लागतात. पेनल्टीचे गोलही वेगळे काढावेत. मी शिट्टी वाजवली त्या कित्येक सामन्यांत ‘हॅटट्रिक’ करणाऱ्याचे दोन गोल ठिपक्यावरून आलेले असत आणि दुसऱ्या दिवशी ते कोणाच्या लक्षातही नसे.

माजी लेफ्ट विंग

वरची उत्तरे पटली, तरी चित्र जरा गुलाबी झाले आहे. अदुरिस हा हजारांत एक. बाकीच्यांना पगार वेळेवर मिळाला, तरी नशीब म्हणायचे. सालामांका हा पहिल्या श्रेणीत खेळलेला जुना क्लब 2013 मध्ये कर्जापायी विसर्जित झाला, आणि पगार थकवणाऱ्या संघाला थेट खालच्या श्रेणीत ढकलण्याची शिक्षा स्पेनमध्ये आहे, यावरूनच प्रश्न किती जुना ते कळते. तिथल्या खेळाडूंची संघटना उन्हाळ्यात करार नसलेल्यांसाठी सराव शिबिरे घेते. जुलैत फोन वाजेल म्हणून वाट पाहणारे तिशीतले स्ट्रायकर तिथे घाम गाळतात. मी स्वतः एका संघाकडून दोन हंगाम खेळलो आणि अकोल्याच्या थकलेल्या बसभाड्याची पावती अजून पाकिटात आहे, म्हणून हे बोचते.

तरीही उलटा व्यवहार करणारा एक माणूस आहे. लुकास पेरेस जानेवारी 2023 मध्ये पहिल्या श्रेणीतला कादिस सोडून आपल्या गावच्या, तिसऱ्या श्रेणीत घसरलेल्या देपोर्तिवोत परतला आणि त्या बदलीसाठी त्याने स्वतःच्या खिशातून सुमारे 5 लाख युरो भरले. मे 2024 मध्ये बार्सिलोनाच्या राखीव संघाविरुद्ध त्याच्याच फ्री किकवर एकमेव गोल झाला आणि क्लब वर गेला. त्याच्या वहीत ही बदली ‘खालच्या श्रेणीत’ अशीच दिसते.

धरमपेठचा मामा

सर्वांचे आभार. काल रात्री भाच्याला हे सगळे वाचून दाखवले. अंगुलो आल्यावर झाब्झे 2017 मध्ये वरच्या श्रेणीत गेला आणि 2018-19 मध्ये 24 गोलांसह तो त्या लीगचा अव्वल गोलकर्ता होता, तेव्हा त्याचे वय 35 होते, हे त्याने स्वतःच शोधून मला ऐकवले. नंतर पट्टी घेऊन त्याने वहीत ‘मिनिटे’ असा रकाना आखला आणि आधी स्वतःचे आकडे भरले: या मोसमात सात सामने, दोन गोल. मिनिटांपाशी मात्र अडला, कारण तीन सामन्यांत तो नेमका कधी आत गेला, हे त्याला आठवत नाही. रविवारी मी घड्याळ घेऊन मैदानावर बसणार आहे.