ऑर्केस्ट्रासाठी कीबोर्ड ६१ पट्ट्यांचा घ्यावा की ८८?

खानापूरकर: गणपतीत बेळगाव, निपाणी, कधी चंदगडपर्यंत कार्यक्रम असतात. भावगीतं, हिंदी, फर्माईश आली की कन्नड भक्तिगीतंही. घरचा स्पीकरवाला कीबोर्ड पुरेना. साउंड बदलला की धरलेला सूर तुटतो. ८८ घेऊ म्हणतोय.

निपाणीचा वाजवणारा: पियानोच वाजवणार असाल तर घ्या, नाहीतर कशाला? रोलँड कंपनीच्या ८८ पट्ट्यांच्या जुनो-डीएस८८ कीबोर्डचं वजन १६ किलो, ६१ वाल्या डीएस६१ चं ५ च्या आसपास. मंडपाच्या शिडीवरून चढवणार कोण, गायक? डीएस६१ रिचार्जेबल एए सेलवरही चालतो, लाइट गेली तरी हात थांबत नाही.

आणि ट्रान्सपोज, म्हणजे सगळा स्वर वर-खाली सरकवायचं बटण, हाताशी हवा. एक गायक काळी दोन स्वरात गाणारा, पुढची ताई काळी पाच मागते. मेन्यूत शोधेपर्यंत निवेदकाचे विनोद संपतात हो!

शहापूर, बेळगाव: साउंडवाल्यानं एकच वायर दिली तर कीबोर्डमागच्या एल/मोनो (डाव्या) आउटपुटमध्येच घाला. आर (उजव्या) मध्ये घातली तर अर्धा पियानो गायब.

खानापूरकर: बरं, ८८ चा नाद सोडला. जुनं सस्टेन पेडल (पायानं दाबून सूर लांबवायचं) चालेल?

निपाणीचा वाजवणारा: कंपनी वेगळी असेल तर उलटं चालू शकतं, पाय काढल्यावर सूर लांबतो. पोलॅरिटी स्विचवालं घ्या, त्या बटणानं उलटं सुलटं करता येतं.