मदत हवी आहे: हॉस्पिटलच्या एचओडींना (विभागप्रमुखांना) व्हॅल्यू बेस्ड केअर कसं शिकवायचं?

नमस्कार मंडळी, मी कोथरूडला एका हॉस्पिटलात क्वालिटीचं काम बघते. आमच्याकडे एचओडी, मेट्रन आणि बिलिंगवाल्यांसाठी ट्रेनिंग घ्यायचंय, विषय असा की किती प्रोसिजर केल्या यावर पैसे न मिळता पेशंटला गुण किती आला यावर मिळाले तर हॉस्पिटल चालवायचं कसं.

मटेरियल सगळं अमेरिकेचंच सापडतंय. तिथे मेडिकेअरने, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याने, २०१६ ते २०२४ या काळात बऱ्याच शहरांत गुडघा आणि खुब्याच्या सांधेबदलासाठी ऑपरेशनपासून डिस्चार्जनंतरच्या ९० दिवसांपर्यंतचा खर्च एकाच टार्गेट रकमेत धरला, म्हणजे फिजिओ त्यातच, आणि जखम चिघळून पेशंट परत ॲडमिट झाला तर तेही त्यातच, जास्तीचा खर्च हॉस्पिटलच्या अंगावर. आपल्याकडे आयुष्मानच्या पॅकेजात डिस्चार्जनंतरचे १५ दिवस येतात, पुढे पेशंट घरी जिना चढतोय का हे कोणी विचारतच नाही, आणि मला खरी तळमळ त्याचीच आहे.

स्लाइड दाखवून हे उतरणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे. सर्जन, सिस्टर आणि अकाउंट्सवाले एका टेबलावर बसवून एकाच पेशंटची फाइल आणि बिल शेवटपर्यंत वाचून घ्यावं असं डोक्यात आहे. पुण्यात कोणी असं ट्रेनिंग घेतलंय का? आपल्याकडच्या केसेस, मराठीत असतील तर फारच बरं, कुठे मिळतील? आणि सेशन डॉक्टरने घ्यावं की फायनान्सवाल्याने, अनुभव असेल तर प्लीज सविस्तर लिहा.