भाड्याच्या घरात गरम-थंड पोर्टेबल एसी : घ्यावा की नको?

चौथा_मजला

नमस्कार मंडळी. कोथरूडला डहाणूकर कॉलनीत भाड्याने राहतो. चौथा मजला, वर थेट गच्ची. परवा रात्री अकरा वाजता स्टुलावर चढून स्लॅबला तळहात लावला, तर नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखा लागला. पंखा म्हणजे तीच भट्टी खाली ढकलायचं यंत्र.

करार अकरा महिन्यांचा. मालकांचं म्हणणं एकच : भिंतीला भोक पाडायचं नाही. म्हणजे स्प्लिट बाद. खिडकीला बाहेरून लोखंडी ग्रिल, म्हणून विंडोही बाद. उरला चाकांवरचा पोर्टेबल. दुकानात 1 टनाचा पाहिला, थंड आणि गरम दोन्ही करणारा. नुसत्या थंडवाल्यापेक्षा चांगला सहा हजारांनी महाग आहे. पण आई 74 वर्षांची, दिवाळीनंतर साताऱ्याहून येते, आणि जानेवारीत पहाटे तिचे गुडघे धरतात. एका यंत्रात उन्हाळा-हिवाळा दोन्ही भागले तर काय वाईट?

माझं मत घ्यावा असं आहे. हरकत असेल तर आत्ताच बोला, घेतल्यावर नको.

नळीविरोधक

हरकत आहे. एक नळीवाला असेल तर अजिबात घेऊ नका.

स्प्लिटचा तापणारा अर्धा भाग बाहेर टांगलेला असतो. पोर्टेबलचा तो भाग तुमच्या खोलीतच असतो, आणि त्याला गार ठेवायला यंत्र खोलीतलीच हवा ओढून नळीतून बाहेर फेकतं. म्हणजे आत्ताच पैसे मोजून गार केलेली हवा. फेकण्याचा वेग साधारण 200 सीएफएम (मिनिटाला 200 घनफूट) धरा. तुमची खोली 10 बाय 12 फूट, उंची 10 फूट धरली, तर 1200 घनफूट. तासाभरात खोलीतली सगळी हवा दहा वेळा बाहेर जाते.

गेलेल्या हवेची जागा रिकामी राहत नाही. दाराच्या फटीतून, खिडकीच्या रुळातून बाहेरची हवा आत येते. दुपारी बाहेर 38 आणि आत 25 हवं असेल, तर ही घुसलेली हवा गार करण्यातच जवळपास दीड किलोवॅट जातात. 1 टन म्हणजे साडेतीन किलोवॅट. उरले दोन. त्यात तुमचा स्लॅब.

चंबूगबाळे

नळीविरोधकांचा हिशेब बरोबर आहे, पण तो दुपारी तीनचा आहे. दुपारी तीनला माणूस घरी असतो का? मी 2021 पासून वापरतोय. आधी वाकड, मग बाणेर, आता पाषाण. तीन घरं, तीन मालक, एकाही भिंतीला भोक नाही. माझ्या मेहुण्याने तेवढ्या काळात स्प्लिट दोनदा काढून लावला : काढायचे वेगळे, लावायचे वेगळे, तांब्याचा पाइप कमी पडला त्याचे वेगळे, आणि प्रत्येक वेळी "गॅस थोडा कमी झालाय साहेब".

पुण्याची मेमधली रात्र बघा. अकरानंतर बाहेर 24-25 वर येतं. मग फटीतून येणारी हवा खोलीपेक्षा गारच असते, नुकसान कसलं? उलट कोंडलेली हवा निघून जाते. मुंबईत रात्रीसुद्धा उकडतं आणि दमट असतं, तिथे मी हे सांगितलं नसतं.

कटकटी आहेतच. वजन 30 किलोच्या वर, उंबरठा आला की चाकांचा काही उपयोग नाही. टेम्पोत आडवा घातला तर लगेच चालू करायचा नाही, तीन-चार तास उभा ठेवायचा, नाहीतर कॉम्प्रेसरची काशी होते. नळी लांबवायची नाही, दीड मीटर दिली आहे ती तेवढीच ठेवायची.

वाळ्याची_ताटी

तुम्ही सगळे अवघड करताय. एप्रिल-मेच्या दुपारी पुण्याची हवा इतकी कोरडी असते की कूलरसारखं दुसरं काही नाही. बाहेर 40 आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर बरा कूलर 25-26 ची हवा फेकतो. खर्च 200 वॅटच्या आत. वाळ्याची ताटी लावली की वास वेगळाच. नारायण पेठेतल्या वाड्यात आम्ही तीस वर्षं असेच काढले.

मुक्ता_वारजे

काका, आणि वळवाचे दोन पाऊस पडले की? त्याच कूलरपुढे बसून चिकचिक होते आणि मुलाच्या वह्यांची पानं फुगतात. शिवाय वाड्याच्या भिंती दोन फुटी मातीच्या होत्या. आमच्याकडे सहा इंची.

वाळ्याची_ताटी

जूनमध्ये कूलर बंद करायचा असतो हो. जूनमध्ये पुण्यात एसी लागतो हे मला आत्ताच कळलं.

पाटी_वाचा

वीस वर्षं एसी दुरुस्तीच्या धंद्यात आहे, म्हणून थोडं कामाचं सांगतो.

आधी, जाहिरातीत दोन-अडीच हजारांत "पोर्टेबल एसी" म्हणून जो डबा दाखवतात तो एसी नाही. पाणी किंवा बर्फ घालायचा छोटा पंखा आहे. कॉम्प्रेसर नाही आणि गरम हवा बाहेर टाकणारी नळी नाही, तर त्याला एसी म्हणू नका. महिन्यातून दोन-तीन गिऱ्हाइकं तो डबा घेऊन "गॅस भरा" म्हणत येतात. गॅस कुठे भरू?

दुसरं, गरम करणारा घेताना मागची पाटी वाचा. तिथे गरम करण्याची क्षमता आणि त्याला लागणारी वीज असे दोन आकडे असतात. वीज 1200 वॅट आणि उष्णता 3000 वॅट असेल तर तो खरा हीट पंप, म्हणजे त्याच कॉम्प्रेसरवर, आतल्या गॅसचा प्रवाह उलटा करून बाहेरची उष्णता आत आणणारा. दोन्ही आकडे सारखेच असतील तर आत नुसती विजेवर तापणारी कॉइल आहे. तो रूम हीटरच झाला, एसीच्या कपड्यातला. दुकानदार दोघांनाही "हॉट अँड कोल्ड" म्हणतो.

तिसरं, टनावर भाळू नका. अमेरिकेत 2016 मध्ये पोर्टेबल मोजायची नवी पद्धत आली. ती नळीतून होणारं नुकसान वजा करते, आणि जुन्या पद्धतीने 14,000 बीटीयू (12,000 म्हणजे 1 टन) दिसणारं यंत्र तिथे 10,000 च्या आसपास येतं. म्हणून वरच्या मजल्याला 1 टन पोर्टेबल लावलात तर पाऊण टन समजून चाला. दोन नळ्यांचा मिळाला तर तोच घ्या. तो गरम भागासाठी लागणारी हवा बाहेरूनच घेतो आणि बाहेरच टाकतो, खोली ओढत नाही.

आणि कृपा करून एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका. 16 अँपिअरचा पॉइंट लागतो. गीझरचा पॉइंट बाथरूममधून वायर ओढून आणणारे महाभाग मी पाहिलेत.

आजीची_गोधडी

मला एक कळत नाही. पुण्यात हीटर? सोलापुरी चादर, वर गोधडी, गरम पाण्याची पिशवी. झालं.

चंबूगबाळे

कोरेगाव पार्कात राहता का? तिकडे आणि पाषाणला जानेवारीत पहाटे सहज चार-पाच अंशांचा फरक असतो. वेधशाळेचे दोन्हीकडचे आकडे ताडून बघा. आमच्याकडे पारा दहाच्या खाली जातो तेव्हा फरशीवर पाय ठेववत नाही.

नळीविरोधक

फरशीचं बोललात ते बरं झालं, कारण गरम करताना हीच नळी जास्त घात करते. पहाटे बाहेर 11 आणि आत 22 हवं आहे. यंत्र खोलीतली ऊबदार हवा बाहेर फेकणार, आणि तिच्या बदल्यात 11 अंशांची हवा दाराखालच्या फटीतून येणार. गार हवा जड, ती फरशीवरूनच सरकते. म्हणजे आईंच्या डोक्याशी ऊब आणि गुडघ्याशी वारा.

आकड्यात सांगतो. हीट पंपाने 3 किलोवॅट दिले, त्यातले सव्वाएक ही घुसलेली हवा खाते. उरले पावणेदोन. साधा तेलाचा हीटर 2 किलोवॅट देतो, एकही घनफूट हवा बाहेर टाकत नाही आणि आवाज करत नाही. तो तासाला 2 युनिट खातो आणि हीट पंप सव्वा, हे मान्य. पुण्यात खरी कडाक्याची थंडी पंचवीस रात्री धरा, रोज तीन तास. फरक साठ युनिटच्या आतबाहेर. 12 रुपयांनी धरलं तरी सातशे रुपये. दुकानदार वरचे सहा हजार मागतोय.

पाटी_वाचा

हिशेबाला हरकत नाही. एक भर घालतो. थंड करताना सुटणारं पाणी यंत्र गरम भागावर शिंपडून बरंचसं उडवून टाकतं. गरम करताना तो भाग गार झालेला असतो, पाणी उडत नाही, खालच्या टाकीत साचतं. टाकी भरली की लाल दिवा लागतो आणि यंत्र बंद. पहाटे चारला आईंनी उठून बूच काढायचं का? नळी जोडून पाणी मोरीत सोडावं लागेल. ते दुकानात कोणी सांगत नाही.

मुक्ता_वारजे

मोरीवरून आठवलं, आणि हे हसण्यावारी नेऊ नका. आमच्याकडे एक नळीवाला होता. पहिल्याच आठवड्यात बेडरूमला गटाराचा वास यायला लागला. प्लंबर आला, त्याने बाथरूमच्या जाळीत तांब्याभर पाणी ओतलं आणि वास गेला. जाळीखालच्या ट्रॅपमधलं, गटाराची हवा अडवणारं पाणी सुकलं होतं आणि यंत्र खोलीतली हवा ओढत असल्यामुळे गटारातली हवा आत येत होती. दाराखाली उदबत्ती धरली की धूर सरळ बेडरूममध्ये खेचला जायचा, तेव्हा मला नीट कळलं.

मग मला आमचा गॅस गीझर दिसला. त्याच बाथरूममध्ये. म्हणजे बाथरूममधला धूर झरोक्यातून बाहेर जायच्या ऐवजी बेडरूमकडे खेचला जाणार. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. चौथा_मजला, तुम्ही आईंसाठी पहाटे गरम हवा लावणार, आणि नेमक्या त्याच वेळी घरात आंघोळी सुरू असणार. तुमच्याकडे गीझर कसला आहे ते आधी सांगा.

आम्ही यंत्र हॉलमध्ये हलवलं. आता ते पावसाळ्यात नळी न लावता ड्राय मोडवर (हवेतला ओलावा काढायच्या) चालतं आणि दोरीवरचे कपडे वाळवतं. त्या कामाला मात्र भारी आहे.

चौथा_मजला

गीझर विजेचा आहे, पण बाकी वाचून झोप उडाली. चंबूगबाळे यांनी मोठ्या मनाने त्यांचं यंत्र शनिवार-रविवार दिलं, त्याचा हा वृत्तान्त.

नळी खिडकीबाहेर काढायला त्यांचा प्लायचा तुकडा होता, तो आमच्या स्लायडिंगला सव्वा इंच कमी पडला. तिथे जुनी लुंगी गुंडाळून कोंबली. शनिवारी दुपारी तीनला खोलीत 36. पाचला 29. त्यापुढे काटा हललाच नाही. नळीला हात लावला तर चटका बसेल इतकी तापलेली, आणि तीसुद्धा खोलीतच आडवी पडलेली. तिच्यावर शेवटी गोधडी गुंडाळली (आजीची_गोधडी यांनी नोंद घ्यावी). साडेपाचला खोलीत सुक्या बोंबलांचा वास सुटला. आमच्याकडे बोंबील होत नाहीत. शेजारच्यांचा बेत दाराच्या फटीतून आमच्या बेडरूममध्ये आला होता.

रात्रीचं चित्र वेगळं. अकराला आत 31 होतं, पावणेबाराला 25. आवाज मिक्सरइतका नाही, पण चालू गाडीत बसल्यासारखं वाटतं. मुलगा बारावीत आहे, तो उशी घेऊन हॉलमध्ये गेला. मी मात्र मे महिन्यात पहिल्यांदा सलग सात तास झोपलो.

तर गरमवाला रद्द. आईला तेलाचा हीटर. थंडवाला दोन नळ्यांचा मिळाला तर घेणार.

नळीविरोधक

रात्री बाहेर किती होतं?

चौथा_मजला

24.

नळीविरोधक

आत 31, बाहेर 24. मग खिडकी उघडून दारात टेबल फॅन बाहेरच्या तोंडाने का नाही लावत?

वाळ्याची_ताटी

आणि संध्याकाळी गच्चीवर चार बादल्या पाणी. वर चुन्याचा पांढरा हात मारला तर स्लॅब एवढा तापणारच नाही.

चौथा_मजला

गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींकडे असते आणि ते सहाला झोपतात की काय देव जाणे. खिडकी उघडली तर डास.

मुक्ता_वारजे

मग जाळी लावा ना.

चौथा_मजला

जाळीच्या चौकटीला चार स्क्रू लागतात. मालकांना मेसेज टाकलाय, दोन निळ्या टिका आल्यात.